उपासाला किन्वा चालतो का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुसरा सोमवार तोंडावर आला होता. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज सकाळपासून तीनदा जाऊन आली होती आणि गिरणीतल्या डब्यांची रांग पार पडवीत गेली होती. अशात शेजारच्या वाडीतले काका छत्री झटकत आत आले. मुंबईत बत्तीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेले. शुगर आहे, त्यामुळे त्यांच्या पिशवीतून काय निघेल याचा नेम नसतो. कधी जवस, कधी ओट्स. त्या दिवशी निघालं एक किलोचं चकचकीत पाकीट.

"किन्वा आहे. मुलीनं पाठवलाय. बारीक दळ. आणि दगड साफ आहे ना? उपासाला हवाय." मग स्वतःच थबकले. "उपासाला चालतो ना रे हा?"

उपासाचं दळण ही काय भानगड असते ते गिरणी चालवल्याशिवाय कळायचं नाही. तांदूळ दळला की दगडाच्या खाचांत पीठ अडकून बसतं. ते पुढच्या दळणात उतरतं आणि एखाद्या आजीचा उपास माझ्या माथी मोडतो. म्हणून आमच्याकडे उपासाचं दळण फक्त गुरुवारी. बुधवारी रात्री दगड उघडून खाचा ब्रशनं साफ करायच्या, पीठ पडतं ती कापडी नळी बदलायची, मग राजगिरा, वरी, शिंगाडा. वडिलांच्या वेळपासून हे असंच चालत आलंय. त्यामुळे काकांचा प्रश्न त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी अवघड होता. किन्वा गुरुवारी दळायचा की इतर दिवशी?

मूठभर दाणे घेऊन मागच्या दारी आईकडे गेलो. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि असल्या बाबतीत घरातलं वरचं कोर्ट तीच. तिनं दाणे तळहातावर चोळले, एक दाताखाली धरला.

"वरीची बहीण दिसते. कुठं पिकतं?"

"दक्षिण अमेरिकेत."

"मग तिकडच्यांना विचार, ते उपासाला खातात का."

निकाल लागला नाही, तारीख पडली. काकांनी त्या सोमवारी साबुदाणाच खाल्ला. किन्वा मी शुक्रवारी दळून दिला. पीठ दगडाला जरा धरतं, बाकी त्रास नाही. भाकरी मात्र तुटते म्हणून काकूंची तक्रार आली. उकड काढून करा म्हटलं, तांदळाची करता तशी.

माझी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली. पुढे वडिलांची गिरणी हातात आली आणि वनस्पतिशास्त्र रोज दाण्याच्या रूपानं समोर येत राहिलं, इतकंच. काकांच्या प्रश्नानं ती जुनी खाज परत सुटली. रात्री गिरणी बंद केली आणि मोबाईलवर शोधनिबंध उघडून बसलो.

किन्व्याचं शास्त्रीय नाव केनोपोडियम किन्वा. हे वाचूनच मी ताठ बसलो, कारण केनोपोडियम आल्बम म्हणजे आपला चाकवत. म्हणजे एकाच जातीतली नव्हे, पण सख्खी चुलत भावंडं. राजगिरा, माठ, पालक, बीट हे सगळे त्याच कुळातले. तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी ही गवतं. किन्वा गवत नाही. शाळेत आमच्या एका सरांनी सांगितलं होतं की राजगिरा उपासाला चालतो तो तृणधान्य नाही म्हणून. त्या हिशेबानं किन्वा आरामात चालायला हवा. पण हा हिशेब वरीपाशी येऊन कोलमडतो. वरी अस्सल गवत, तरी उपासाच्या ताटात पहिली.

बरं, परदेशी म्हणून नको म्हणावं, तर उपासाच्या ताटात आपलं असं असतं काय? बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. मिरची आणि रताळं अमेरिकेतून आलेली. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. एवढंच काय, दाण्यासाठी पिकवतात ते राजगिऱ्याचे प्रकारही मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतले. आपलं म्हणायला उरतं काय, तर वरी, शिंगाडा आणि दूध-दही. एकादशी दुप्पट खाशी म्हणतो आपण, ती दुप्पट बहुतेक सगळी जहाजातून उतरलेली आहे.

बटाटा आणि किन्वा तर एकाच गावचे म्हणावे इतके शेजारी. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवर. त्या पठारावरचे लोक हजारो वर्षं दोन्ही पिकवत आलेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश तिथं पोचले. बटाटा जहाजात चढला, पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला आणि येताना नावही घेऊन आला. बटाटा हा शब्द पोर्तुगीजच. किन्वा मागे राहिला. त्याची कारणं अभ्यासक बरीच सांगतात. माझं मत विचाराल तर कडूपणा, आणि हे मत मी पुढे स्वतःच्या घशानं सिद्ध केलं आहे. सांगतो.

मग अलीकडे एकदम त्याचे दिवस पालटले. १९९३ साली नासाच्या दोन संशोधकांनी अहवाल लिहिला की अंतराळातल्या लांब मुक्कामात पिकवायला हे पीक चांगलं. २०१३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय किन्वा वर्ष म्हणून पाळलं. आपल्या नाचणी-वरीचा नंबर त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ ला लागला. भाव इतके चढले की बोलिव्हियातल्या गरिबाच्या ताटातला घास शहरी लोकांनी पळवला अशा बातम्या आल्या. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पेरूतल्या कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासले, तर भाव चढल्यानं तिथल्या घरांचं नुकसान झालेलं दिसेना, थोडा फायदाच दिसला. नंतर भाव कोसळले. त्याच्या बातम्या मला फारशा सापडल्या नाहीत.

खाण्याच्या बाजूनं म्हणाल तर शंभर ग्रॅम कोरड्या किन्व्यात साधारण १४ ग्रॅम प्रथिनं, नाचणीत सातच्या आसपास. शिवाय तांदूळ-गव्हात लायसिन नावाचं जे अमिनो आम्ल कमी पडतं, ते किन्व्यात भरपूर. पण कॅल्शियम बघायला गेलं तर नाचणी साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर आणि किन्वा पन्नासच्या आतबाहेर. काकांना मी हे सांगितलं, म्हटलं दोन्ही मिसळून आणा. प्रथिनांना डाळ आहेच आपल्याकडे. ते म्हणाले, मुलीनं पाठवलंय, संपवायला तर हवं.

इथवर ठीक होतं. कुतूहल भागलं असतं आणि मी झोपलो असतो. झोप उडवली ती मिठानं.

वाचता वाचता कळलं की किन्वा मीठ पचवतो. नुसता तग धरतो असं नव्हे, काही वाण समुद्राच्या पाण्याच्या जवळपास जाणाऱ्या खारटपणातही दाणा देतात. आकड्यांत सांगायचं तर मातीतल्या पाण्याची क्षारता डेसिसायमन प्रति मीटर या मापात मोजतात. भाताला ३ च्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं. समुद्र साधारण ५०. किन्व्याचे काही वाण ४० पर्यंत जगलेले आहेत. दुबईला खाऱ्या शेतीवर काम करणारं एक आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, तिथं वाळवंटात खारं पाणी पाजून किन्वा पिकवून पाहिलाय.

आणि आमचं खाजण आहे.

दापोली तालुक्यात, खाडीच्या आतल्या अंगाला, जेमतेम तीन गुंठे खारी जमीन. बाहेरकाठा, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध, आजोबांच्या वेळचा. बांधात एक उघाडी आहे, तिची फळी ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते, निदान मिटावी अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, तेवढ्या सवलतीत भात काढून घ्यायचं. पूर्वी काळा राता, भुरा राता लावत. आता पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे वाण आहेत, पनवेल १, २, ३. कापणी झाली की संपलं. दिवाळीनंतर ऊन लागतं तसं खालचं मीठ पाण्याबरोबर वर चढतं, माघात माती भेगाळते आणि चैत्रात वर पांढरी पापुद्री धरते. वाल, पावटा, कुळीथ वरच्या शेतांत होतात, खाजणात नाहीत. वडिलांनी एकदा वाल पेरून पाहिले होते, पानं कडेनं भाजल्यासारखी जळली. म्हणजे वर्षातले सात महिने ती जमीन बगळ्यांना आंदण.

काकांच्या पाकिटातले शंभर ग्रॅम मागून घेतले. दळणाचे पैसे घेतले नाहीत, चोख व्यवहार. कार्तिकात, भात उचलल्यावर, दोन ठिकाणी पेरला. एक परसातल्या लाल मातीच्या वाफ्यात आणि एक खाजणात, गुंठाभर. दाणा इतका बारीक की एका ग्रॅमला तीनशेच्या आसपास भरतो, म्हणून खोल टाकून चालत नाही. नखभर माती, बस. खाजणातली माती वरून सुकून कवडी होते, म्हणून पहिले तीन आठवडे विहिरीचं गोडं पाणी कॅनमधून स्कूटरवर वाहून नेलं. बायको म्हणाली, गिरणीत पाण्याची टाकी आठवडाभर गळते आहे, तिच्यासाठी कधी स्कूटर काढली नाहीत.

दोन्हीकडे उगवला. पाकिटातलं बी पॉलिश केलेलं, मला वाटलं मेलेलं असेल, पण निम्मं उगवलं. भावाचा मुलगा कृषी शिकतो, तो सुट्टीत क्षारता मोजायचं यंत्र घेऊन आला. खाजणातली माती पाण्यात ढवळून मोजली, नोव्हेंबरात ३, फेब्रुवारीत ११. परसातला किन्वा कमरेएवढा झाला. खाजणातला गुडघ्याएवढा, पण हिरवागार. भोवती सगळी करडी भेगाळलेली माती आणि मध्ये हा गुंठाभर हिरवा तुकडा. लोक बांधावर थांबून बघायला लागले.

आमच्याकडे दळणं पोचवायला एक मावशी येतात. त्यांनी एकदा परसातल्या वाफ्याकडे बघून विचारलं, "चाकवत कवा लावलात?"

"चाकवत नाही मावशी, किन्वा आहे तो. परदेशी."

त्यांनी शेंडा खुडला, पान उलटं केलं, अंगठ्यानं पुसलं. "जल्ला, पीठ हाय ना मागं. चाकवतच त्यो. आमाला नका सांगू."

पीठ खरंच होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याच हाताचं लागलं असं समजलो होतो. कोवळ्या पानांच्या पाठीवर पांढरी भुरभुर, चाकवताला असते तशीच, पण जास्त. कॉलेजातलं जुनं भिंग शोधून काढलं आणि सकाळच्या उन्हात पान धरलं. ते पीठ नव्हतंच. काचेच्या गोट्यांसारखे बारीक फुगे होते, एकमेकांना खेटून बसलेले, आतून पाणीदार, काही किंचित गुलाबी. पान हलवलं की प्रत्येक फुग्यात एक सूर्य हलायचा. दंव पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसत होतं, फक्त दुपारीही वाळत नव्हतं.

आता हे फुगे कशासाठी? वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांचं उत्तर होतं, मिठासाठी. झाड नको असलेलं मीठ या फुग्यांत नेऊन साठवतं, म्हणून त्याला खारं पाणी सोसतं. मला ते लगेच पटलं, कारण आमच्या खाडीत तिवर आहे, खारफुटीचं झाड. तिवराचं पान जिभेला लावा, खारट लागतं, ते मीठ पानातून बाहेर टाकतं. मी खाजणातल्या किन्व्याचं पानही चाटून पाहिलं. खारट लागलं. निदान मला लागलं. आधी वाचून मग चाखलं की जीभ शहाण्यासारखी वागते.

कारण पुढच्याच आठवड्यात कोपनहेगन विद्यापीठाचं काम वाचनात आलं. २०२२-२३ मध्ये छापून आलेलं. त्यांनी किन्व्याची अशी रोपं मिळवली ज्यांच्या पानांवर हे फुगेच नव्हते. ती आणि नेहमीची, दोन्ही खाऱ्या पाण्यावर वाढवली. अपेक्षा अशी की बिनफुग्याची रोपं माना टाकतील. त्यांना काहीही झालं नाही. मीठ दोघांनी सारखंच सोसलं. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. बिनफुग्याच्या रोपांवर फुलकिडे तुटून पडले. म्हणजे हे फुगे मिठाचं कोठार नसून किड्यांसाठी घातलेलं कुंपण. बारीक किड्याला त्यातून वाट काढता येत नाही आणि फुगा फोडलाच तर आत ऑक्झॅलिक आम्लासारखा न सोसणारा माल. मीठ सोसण्याची कला झाडाच्या आतल्या व्यवहारात आहे, मुळापासून पानापर्यंत सोडियम-पोटॅशियमचा जो हिशेब चालतो त्यात.

मला या संशोधनाचं कौतुक एवढ्याचसाठी की त्यांनीही मिठाचंच उत्तर धरून सुरुवात केली होती. मी जिभेवर थांबलो, ते थांबले नाहीत.

इकडे आईनं निर्णय घेऊन टाकला होता. विरळणीत उपटलेली रोपं मी बांधावर टाकली होती, ती तिनं उचलून नेली आणि ताकातली भाजी केली. चाकवताची करतात तशीच, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, ताकात बेसन कालवून आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. परसातली पानं मऊ शिजली. खाजणातली जरा जाड होती आणि तिच्यात मीठ कमी घातलं होतं, असं ती म्हणाली. खाडीकाठच्या मोरसेच्या भाजीत घालावंच लागत नाही, तसं. मोरसही याच कुळातली, हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, वाढू का अजून. पौष-माघात ती भाजी आमच्याकडे दहा-बारा वेळा झाली, शेजारीही गेली.

फेब्रुवारीत परसातल्या रोपांवर केवडा आला. पानांवर पिवळट डाग, खाली राखाडी बुरशी. काकडीवर येतो त्याच जातकुळीचा हा रोग, ओलसर हवा त्याला मानवते. खाजणात वारा खेळता होता, तिथं कमी. तुरे मात्र दोन्हीकडे भरले. चिमण्या बसायच्या, एक-दोन टोचे मारायच्या आणि उडून जायच्या. मी खूश. राखण करावी लागत नाही असं पीक कोणाला नको?

मार्चमध्ये तुरे पिवळे पडून सुकायला लागले. कापायला हवे होते. पण शिमगा होता. पालखी घरी यायची, मुंबईचे पाहुणे, गिरणीत तांदळाच्या पिठाची झुंबड. म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय.

पालखी येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्रभर पाऊस, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिपरिप. तिसऱ्या दिवशी खाजणात गेलो तर तुऱ्यांवर पांढऱ्या दोऱ्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. जवळ गेलो. प्रत्येक दाण्याला मोड. उभ्या झाडावर, मातीला न टेकता, दाणे उगवले होते.

यालाही संशोधन आहे, नंतर वाचलं. बऱ्याच बियांना पिकल्यावर काही दिवस झोप असते, ओल लागली तरी त्या लगेच उगवत नाहीत. किन्व्याच्या बहुतेक वाणांना ही झोप जवळपास नाहीच. अँडीजच्या कोरड्या पठारावर कापणीच्या वेळी पाऊस नसतो, तिथं अडत नाही. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी अशी थोडीफार झोप असलेले दोन वाण शोधून त्यांचा अभ्यास केला, त्यातला एक चिलीच्या पावसाळी किनाऱ्याकडचा, नाव चाडमो. नाव वाचून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. किनाऱ्यावरचा, पावसात वाढलेला, गावचा वाटावा असा.

मी सगळा हिवाळा मिठाचा विचार केला होता. क्षारता मोजली, पानं चाटली, बाहेरकाठ्याची खांड दोनदा भरली. मिठानं काही केलं नाही. एका रात्रीच्या पावसानं केलं. आणि तेही पालखीच्या गडबडीत चार दिवस गमावले म्हणून.

खाजणातला बराचसा गेला, काळी बुरशी धरली. थोडा वाचला, परसातला मिळून अडीच किलो भरला. सुपात पाखडला. पिवळट, खरखरीत दाणे, पाकिटासारखे पांढरे नव्हेत. आणि इथं मी गाढवपणा केला. म्हटलं स्वतःचा दाणा, स्वतःची गिरणी, अर्धा किलो दळून बघू. न धुता.

पहिल्या मिनिटात शिंका सुरू झाल्या. पीठ कमी आणि धूर जास्त, असा काहीतरी तिखट-कडू धुरळा उठला. घशात रिठा चोळल्यासारखं झालं. दळायला आलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून पडवीत गेल्या. मी दगड थांबवला, नळी झटकली आणि पुढचं दळण लावलं, चार किलो नाचणी. संध्याकाळी ती नाचणी परत आली. आंबील कडूझार झाली होती. त्या घरातल्या आजोबांनी मला काही बोल लावला नाही, नुसतं पातेलं समोर ठेवलं आणि चमचा दिला. चार किलो नाचणी घरातली भरून दिली. दगड दोन तास घासला.

रिठ्याची उपमा मी उगाच देत नाही. किन्व्याच्या दाण्यावरच्या सालीत सॅपोनिन असतं आणि रिठ्यात, शिकेकाईत फेस होतो तोही सॅपोनिनचाच. पाकिटातला दाणा गोड लागतो कारण कारखान्यात ती साल घासून-धुऊन काढलेली असते. झाड कडू ते कडूच. साल घासली म्हणून त्याची जनुकं बदलत नाहीत, पुढचा दाणा परत कोट घालून येतो. चिमण्या का उडून जायच्या ते मला तेव्हा कळलं. २०१७ साली सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या मार्क टेस्टर यांच्या चमूनं जगभरातल्या सहकाऱ्यांबरोबर किन्व्याचा जनुकीय नकाशा नेचर या नियतकालिकात छापला. त्यात हा कडूपणा चालू-बंद करणारं जनुकही हाती लागलं. गोड वाणांत ते बिघडलेलं असतं. आता मुद्दाम गोड, धुवावे न लागणारे वाण काढायची वाट मोकळी झाली आहे. काढतीलही. मग राखण मात्र करावी लागेल.

उरलेला दाणा आई आणि मी विहिरीवर धुतला. घमेल्यात पाणी ओतून हातानं चोळलं की साबणासारखा फेस वर यायचा, घमेल्याबाहेर उतू जायचा, दगडावरून ओघळून केळीच्या बुंध्यात. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं. पाचव्या पाण्याला फेस बसला. सहाव्याला आईनं एक दाणा चावला आणि मान हलवली. सातव्याला पुरे म्हणाली. अँडीजमधल्या बायका हेच पाणी कपडे धुवायला वापरतात हे मी सांगितलं, तर तिनं माझा गिरणीतला सदरा आणून त्यात बुडवला. निघाला बऱ्यापैकी स्वच्छ.

धुतलेल्याची तिनं पेज केली. मी म्हटलं, बरी आहे. तांदळाच्या पेजेपुढं ती कोणाला आवडली असं मी म्हणणार नाही. मोड आलेले दाणे वाळवून, नाचणीचं करतो तसं सत्त्व करून पाहू म्हणून तिनं बाजूला ठेवले होते. त्याला कुबट वास सुटला, टाकून दिले.

यंदा कार्तिकात परत पेरणार आहे, पण दाण्यासाठी फक्त परसातला अर्धा वाफा. खाजणातला भाजीसाठी. दीड-दोन महिन्यांत खुडून संपवायचा, तुऱ्यावर जाऊच द्यायचा नाही. शिमग्यापर्यंत तिथं काही उभं राहणार नाही. भावाचा मुलगा म्हणतो, काका, जगात किन्व्यावर एवढं संशोधन चाललंय आणि तुम्ही त्याचा चाकवत करून टाकला. टाकला खरा.

परवा आषाढीच्या आधी काका पुन्हा पिशवी घेऊन आले. पुन्हा तोच प्रश्न. मी आईला हाक मारली. ती दाराशी आली, पिशवीत हात घातला, दाणे ओळखले.

"हा धुतलेला आहे?"

"पाकिटातला आहे," काका म्हणाले.

"मग चालेल. राजगिऱ्याच्या घरातला आहे म्हणे." माझ्याकडे बघून म्हणाली, "पण गुरुवारी दळ, आणि सगळ्यात शेवटी. राजगिरा, वरी, शिंगाडा झाल्यावर."

"शेवटी का, वहिनी?"

"कडू निघाला तर तुमचा एकट्याचा उपास मोडेल."

गिरणीच्या दारावरच्या फळीवर मी खडूनं एक ओळ वाढवली आहे: किन्वा फक्त गुरुवारी, शेवटी. घरचा असल्यास सात पाण्यांनी धुऊन, वाळवून आणावा. घरचा किन्वा असलेला गावात मी एकटाच आहे.